डोळ्यांवर खोका चढवून लकवा बरा होतो का?

सातारकरीण

बाबा ६८ वर्षांचे. गेल्या श्रावणात लकवा मारला, डावी बाजू गेली. पाय बऱ्यापैकी परत आला, काठी घेऊन अंगणात फिरतात. हात मात्र अजून रुसलेलाच आहे.

ज्या सेंटरला नेतो (नाव विचारू नका, देणार नाही) तिथे फिजिओ ताई रोज पाऊण तास हातावर मेहनत घ्यायच्या. दोन महिन्यांपूर्वी तिथे व्हीआर, म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटी, आलं. आता डोळ्यांवर खोका (हेडसेट) चढवतात, हातात कंट्रोलर बांधतात, बाबांना समोर झाड दिसतं. हात वर करून सफरचंद तोडायचं आणि टोपलीत टाकायचं. पाऊण तासातला अर्धा वेळ हेच. शेजारी बटणं दाबायला एक पोरगा, आणि ताई तेवढ्या वेळात दुसरा पेशंट उरकतात. फी वाढली ती वेगळीच.

बाबा खूश आहेत, हे कबूल. "आज एकतीस तोडली," असं घरी येऊन सांगतात. (सफरचंदंच का, आंबे का नाहीत, ही त्यांची एकमेव तक्रार.) पण चहाचा कप अजून उजव्या हातानेच. डावा मांडीवर पडलेला.

माझं मत स्पष्ट आहे: हा उपचार नाही, उपचाराच्या भावात विकलेली करमणूक आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर खोडून काढा.

फिजिओ_कोथरूड

धंदा माझाच आहे, तेव्हा पूर्वग्रह धरूनच वाचा.

लकव्यानंतर मेंदूला हालचाल नव्याने गिरवावी लागते, आणि गिरवणं म्हणजे दहावीस वेळा नव्हे, शेकड्यांनी. टेबलावर टॉवेल सरकवा, पेला पुढे ढकला, हे सांगितलं की दहाव्या वेळेला पेशंट घड्याळाकडे बघतो. तुमचे बाबा खांद्यातून एकतीस वेळा हात उचलतात आणि वर त्याचा हिशोब ठेवतात! हे माझ्याकडून गोड बोलूनही होत नाही.

आता कपाचं. सफरचंद तोडताना काम होतं खांद्याचं आणि कोपराचं. कंट्रोलर पट्ट्याने बांधलाय म्हणजे बोटं आयतीच बसलेली. मूठ उघडणं, कपाच्या कानात बोट घालणं, मनगट न कलंडता ओठांपर्यंत नेणं, यातलं काहीच त्या खेळात नाही. मग कप उचलला जात नाही म्हणून खेळ खोटा कसा? जे पेरलंच नाही ते उगवायचं कुठून?

वऱ्हाडी_ठेचा

ताई, मग सेंटरवाल्यानं हे आधी सांगाले नको का? "हात बरा होईल" म्हणून पैसे घेतले अन् आता म्हणते खांदा होईल, बोटं वेगळी.

आणि आकडे काढू. कोक्रेन नावाची संस्था जगभरचे प्रयोग एकत्र करून तपासते. लकवा आणि व्हीआर यावरचा त्यांचा २०१७ चा आढावा: ७२ प्रयोग, २,४७० रुग्ण. हाताच्या बाबतीत निष्कर्ष काय, तर नेहमीच्या व्यायामापेक्षा व्हीआर सरस ठरलं नाही. त्यातले बरेच प्रयोग तर खोक्याचे नव्हतेच, पडद्यासमोर उभं राहून खेळायचे गेम होते. म्हणजे ज्या पुराव्यावर खोका विकला जातोय तो धड खोक्याचाही नाही.

फिजिओ_कोथरूड

अर्धाच आढावा सांगितलात, ठेचा. त्याच आढाव्यात पुढे आहे: नेहमीचा व्यायाम पूर्ण करून *त्यावर* व्हीआर दिलं, तेव्हा हातात फरक दिसला. पुरावा भक्कम नाही, छोटे छोटे प्रयोग आहेत, हे मान्य. पण दिसला.

वऱ्हाडी_ठेचा

तेच तर म्हणतोय! वर म्हणून दिलं तर फायदा, कारण एकूण व्यायामच वाढला. मग अर्धा तास जास्त टॉवेल सरकवला असता तरी झाला असता.

फिजिओ_कोथरूड

झाला असता, जर सरकवला असता तर. त्या 'जर'साठीच खोका लागतो.

सातारकरीण

थांबा, इथे माझा मुद्दा मलाच नीट कळला. बाबांना व्हीआर नेहमीच्या व्यायामाच्या 'वर' मिळत नाहीये, त्याच्या 'ऐवजी' मिळतंय. ताईंच्या हाताची वीस-बावीस मिनिटं गेली आणि त्या जागी झाड आलं. माझं भांडण झाडाशी नव्हतंच बहुतेक.

लीड्सची_माई

मी इकडे यूकेत नर्स आहे. लकव्यावर बोलणार नाही, माझा प्रांत नाही. पण 'करमणूक' हा शब्द टोचला म्हणून लिहिते.

पूर्वी मी भाजलेल्यांच्या वॉर्डात होते. ड्रेसिंग बदलताना जुनी पट्टी सुटते, मेलेली कातडी काढावी लागते. मॉर्फिन दिलेलं असतं, तरी माणूस किंचाळतो. मुलांचं तर बघवत नाही. १९९० च्या दशकात सिअ‍ॅटलला हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी अशाच रुग्णांवर व्हीआर वापरून बघायला सुरुवात केली, आणि पुढे त्यांच्यासाठी खास 'स्नोवर्ल्ड' बनवलं. बर्फाच्या दरीतून तरंगत जायचं आणि स्नोमॅन, पेंग्विन यांच्यावर बर्फाचे गोळे मारायचे. बस. २००० साली त्यांनी दोन किशोरवयीन मुलांचा अनुभव छापला: ड्रेसिंगच्या काही वेळात साधा व्हिडिओ गेम, काही वेळात व्हीआर. व्हीआरमध्ये वेदना कमी जाणवली.

वेदना त्वचेत सुरू होते, पण ती जाणवायला लक्ष लागतं, आणि लक्षाची ओंजळ तेवढीच. ती बर्फाने भरली की जखमेला कमी उरतं. याला करमणूक म्हणायचं तर म्हणा, पण मग भूल देणाऱ्यालाही जादूगार म्हणा.

वऱ्हाडी_ठेचा

माई, नमस्कार तुम्हाले. पण दोन मुलं म्हणजे पुरावा नाही, किस्सा झाला. आणि मोबाइलवर कार्टून लावून आमच्याकडच्या सिस्टर हेच करतात, फुकटात.

लीड्सची_माई

दोन मुलांवर थांबले नाहीत ते, पुढे बरंच काम झालं. निरोगी माणसांना थोडी सोसवेल अशी उष्णता देऊन मेंदूचे स्कॅनही काढले. खेळ चालू असताना वेदनेच्या भागांतली हालचाल कमी दिसली.

कार्टूनचं खरं आहे, मीही लावलंय. पण मोबाइलच्या कडेने मुलाला ट्रे दिसतो, चिमटा दिसतो, पट्टी उचलणारा माझा हात दिसतो. चिमटा दिसला की ते टेकायच्या आधीच आखडतं. खोक्यात ट्रे नाही. माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं.

समुपदेशक_ठाणे

मनाच्या बाजूने मी बोलते. भीतीवरचा जुना, खात्रीचा उपाय म्हणजे ज्याची भीती त्याच्यासमोर पायरीपायरीने उभं राहणं. अडचण अशी की माझ्याकडे येणाऱ्या विमानभित्र्या माणसाला मी दहा वेळा तिकीट काढून देऊ शकत नाही, आणि विजांना घाबरणाऱ्यासाठी जूनची वाट बघत बसू शकत नाही. हेडसेटमध्ये टेकऑफ दहा वेळा होतो, हवा तिथे थांबतो.

२०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने उंचीची भीती असलेल्या १०० जणांवर प्रयोग केला. थेरपिस्ट नाहीच, हेडसेटमधलं पात्रच मार्गदर्शक. दोन आठवड्यांत मिळून साधारण दोन तास. भीती सरासरी ६८ टक्क्यांनी उतरली. आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आजारांनुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचाराबाहेर सापडले. अशा देशात थेरपिस्टशिवाय चालणारी गोष्ट नाकारणं परवडतं का?

वऱ्हाडी_ठेचा

तुलना कोणाशी केली तेही सांगा. दुसऱ्या गटाला काहीच खास दिलं नव्हतं. उपाशी माणसापुढे जेवलेला गुबगुबीतच दिसणार.

ज्यात बरोबरीची तुलना झाली तो पाहा: नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने जुनाट कंबरदुखीसाठी 'ईझव्हीआरएक्स' या व्हीआर कार्यक्रमाला परवानगी दिली. १७९ लोक, आठ आठवडे. खऱ्या कार्यक्रमात ६६ टक्के लोकांची वेदना ३० टक्क्यांहून जास्त कमी झाली. आणि ज्यांना हेडसेट चढवून नुसतं निसर्गदृश्यांचं सपाट चित्रण दाखवलं, त्यांच्यात? ४१ टक्के! शंभरातल्या एक्केचाळीस जणांची कंबर डोंगर-नदी बघून हलकी झाली. म्हणजे माझं गाव चिखलदऱ्याजवळ आहे, या, पाठ दाखवा.

वर पाचातल्या एकाला हेडसेट त्रासदायक वाटलं, दहातल्या साधारण एकाला मळमळ-चक्कर.

समुपदेशक_ठाणे

६६ आणि ४१ मधला फरक खिशात घालून फक्त ४१ वर हसताय, हे बरं आहे. :)

पण मळमळीचा मुद्दा रास्त. डोळे सांगतात चाललोय, तोल सांभाळणारा आतला कान सांगतो बसलोय. त्याचा तो गोंधळ.

लीड्सची_माई

थेरपिस्टशिवाय चालतं, यावर मात्र मी ठेचांच्या बाजूने थोडी. याच फ्रीमनांचं 'गेमचेंज' इकडे आलंय, स्किझोफ्रेनियासारख्या आजारात घराबाहेर पडायला घाबरणाऱ्यांसाठी. कॅफे, दुकान, बस, दवाखान्याची वेटिंग रूम, सगळं खोक्यात. ३४६ रुग्णांचा प्रयोग २०२२ मध्ये छापून आला. सरसकट सगळ्यांत फायदा छोटा आणि सहा महिन्यांत विरलेला. पण ज्यांची अवस्था फार वाईट होती त्यांच्यात मोठा आणि टिकलेला. म्हणून २०२३ मध्ये उपचार तपासून शिफारस करणाऱ्या इथल्या 'नाइस' या संस्थेने वापराला हिरवा कंदील दिला तोही त्याच गटासाठी, आणि आणखी पुरावा गोळा करण्याच्या अटीवर. त्या प्रयोगात मार्गदर्शक पात्र खोक्यात असलं तरी खोलीत एक जिवंत माणूस बसलेला असतो. बसमध्ये चढून घाम फुटलेला माणूस खोका काढतो तेव्हा समोर कोणीतरी लागतं.

समुपदेशक_ठाणे

हो, हे मान्य. 'थेरपिस्टशिवाय' मागे घेते. 'दर वेळी मनोविकारतज्ज्ञ नसला तरी चालेल' असं वाचा. प्रशिक्षित कार्यकर्ता चालेल.

बटाटेवडा_७७

अवांतर: ते खोके एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाताना पुसतात का? आमच्या मुंबईच्या घामात तो फोम म्हणजे लोकलचा दांडा.

फिजिओ_कोथरूड

पुसायलाच हवं, दर पेशंटला. डिस्पोजेबल कव्हरही मिळतात. सातारकरीण, हेही विचारा तिथे. आणि फिट येण्याचा इतिहास असेल, मान दुखत असेल तर आधी सांगा. पहिले काही दिवस बसूनच, शेजारी माणूस धरून. लकव्याच्या पेशंटने खोका काढल्या काढल्या उठायचं नाही.

सातारकरीण

काल जाऊन बोलले. भांडले नाही, फक्त विचारलं की पाऊण तास हाताचा आणि झाड त्यानंतर, असं होईल का. आधी म्हणाले स्लॉट नाही. मग संध्याकाळी साडेसहाचा निघाला, आठवड्यातून तीन दिवस. जास्तीच्या वेळेचे पैसे लागतील. ते पटलेलं नाही, पण देतेय. बोटांसाठी ताईंनी घरचा व्यायाम दिलाय: परातीत तांदूळ, त्यात पुरलेली चिंचोक्यांची पुरचुंडी शोधून काढायची.

बाबा म्हणतात, यात मार्क मिळत नाहीत. आता आई शेजारी बसून मोजते.

ठेचा, मत पूर्ण बदललेलं नाही. फी कमी झाली की बघू.

वऱ्हाडी_ठेचा

मोजणारी आई व्हीआरपेक्षा स्वस्त आहे, लिहून ठेवा.

सातारकरीण

तुम्ही माझ्या आईला भेटलेले नाहीत.