दूधकाट्याचे काही आकडे बरोबर येतात, काही जागी चिन्हं

संकलनकेंद्र: नमस्कार मंडळी. आमच्या दूध संकलन केंद्रावरचा काटा कॉम्प्युटरला जोडलाय. काट्याला नऊ पिनांचा सिरियल पोर्ट, कॉम्प्युटरला तो नाही, म्हणून मध्ये यूएसबी कन्व्हर्टर. बॉड रेट (बिट पाठवायचा वेग) दोन्हीकडे ९६००. कॅन ३९.५० किलोचा असला तर स्क्रीनवर ३९.५० येतं. ४१.२० चा ठेवला की ´±.²० उमटतं. काट्यावर आकडा अचूक दिसतो. केबल दोनदा बदलली. सकाळी सहाला रांग लागते, सगळं वहीत लिहून घेतोय. काय बघू?

वायरमन: अर्थिंग तपासा. मोटारीच्या वायरीजवळून केबल गेली असेल तरी असं होतं.

काटेदुरुस्ती: अर्थिंगचा दोष आकडे निवडून बिघडवत नाही. ´±.²० मध्ये टिंब आणि शून्य शाबूत आहेत, तिथंच उत्तर आहे.

सिरियलमध्ये एका तारेवरून एकेक बिट (० किंवा १) रांगेनं येतो, घड्याळाची वेगळी तार नसते. स्टार्ट बिट (अक्षर सुरू झाल्याची खूण) दिसला की कॉम्प्युटर दर १०४ मायक्रोसेकंदांनी एकेक बिट वाचतो. तुमचा काटा सात डेटा बिट आणि इव्हन पॅरिटी (एकांची संख्या सम करणारा तपासणीचा जादा बिट) पाठवत असणार, प्रोग्राम मात्र आठ डेटा बिट, बिनपॅरिटी धरून बसलाय. स्टार्ट-स्टॉप धरून दोन्हीकडे दहाच बिट, म्हणून लय चुकत नाही. पॅरिटीचा बिट तेवढा अक्षरात मिसळतो.

प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक असतो, तो बिटांत लिहिला की ‘३’ म्हणजे ०११००११. त्यात चार एक, सम संख्या, पॅरिटी ०, आकडा तसाच राहतो. ‘१’ म्हणजे ०११०००१. तीन एक, म्हणून सम करायला काटा आणखी एक जोडतो आणि ‘१’ च्या क्रमांकाचे ४९ चे १७७ होतात. तेच तुमचं ±. या हिशेबानं ०, ३, ५, ६, ९ नीट येतील. १, २, ४, ७, ८ बिघडतील. वहीशी ताडून बघा. एका गुळाच्या अडतीवर याच दोषापायी मी दोन दिवस कनेक्टरला डाख देत बसलो होतो. कागदावर आकडे मांडले तेव्हा उलगडलं.

वायरमन: मग प्रोग्राममध्येच आठवा बिट उडवला तर?

काटेदुरुस्ती: आकडे दिसतील, पण पॅरिटीची तपासणी जाईल. वाटेत एखादा बिट उलटला तरी कळणार नाही आणि चुकीचं वजन बिलात जाईल. उत्पादकाच्या पैशाचा मामला आहे, सेटिंगच दुरुस्त करा.

संकलनकेंद्र: वही ताडली, अगदी तेच पाच आकडे. पोर्टला ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी, १ स्टॉप बिट केलं. आत्ताच ४१.२० आलं, नंतर २७.८० पण. संध्याकाळचं संकलन थेट कॉम्प्युटरवर घेतो. फार आभार दादा.