शेजारच्या आक्का पुतण्याकडे राहतात, जमीन बक्षीसपत्राने देऊन बसल्यात. बाहेरच्या माणसाला काय करता येईल?

गिरणीवाली

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते, आमची पिठाची गिरणी आहे. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणी नीट सल्ला देऊ शकणार नाही.

आमच्या शेजारी एक आक्का आहेत. आधार कार्डावर वय ७८, खऱ्या त्याहून मोठ्या असाव्यात. मूलबाळ नाही, मालक जाऊन बरीच वर्षं झाली. दिराचा मुलगा त्यांनीच लहानाचा मोठा केला. २०१९ साली दीड एकर बागायत आणि राहतं घर त्याच्या नावावर बक्षीसपत्राने केलं. तेव्हा पेढे वाटले होते, आमच्याकडेही आले.

गिरणीत बसलं की कोणाच्या घरात काय चाललंय ते कळतं. आक्का आधी स्वतः ज्वारी निवडून, पाखडून डबा घेऊन यायच्या. "बारीक दळ गं, दात नाहीत," असं दर वेळी सांगायच्या. मग डबा पुतण्याची बायको आणायला लागली आणि आक्का घरामागे गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत गेल्या. जेवण दुपारी एकदाच येतं. ताटली वेगळी ठेवलेली. परवा मी विचारपूस करायला गेले तर सकाळची कडक भाकरी पाण्यात भिजवून खात बसल्या होत्या. पायाच्या अंगठ्यांची नखं इतकी वाढलीत की वळून शेजारच्या बोटात रुतलीत, चप्पल घालता येत नाही. अंगाला वास येतो. त्यांना तो कळतो, म्हणून मी जवळ बसले की त्याच मागे सरकतात.

मारहाण नाही, शिवीगाळ नाही. त्यांच्याशी कोणी बोलतच नाही. म्हाताऱ्या माणसांसाठीच्या सरकारी श्रावणबाळ योजनेचे पैसे यायचे तेही बंद झालेत म्हणतात. पासबुक पुतण्याकडे.

मी विषय काढला की हात घट्ट धरतात आणि म्हणतात, "पोराचं नाव काढू नको, गावात त्याची मान खाली जाईल." आमच्या घरचे म्हणतात, त्यांच्या भावकीतलं आहे, आपण पडू नये. मी रोज डबा द्यायला लागले तर "शेजारून येतंय की" म्हणून तिकडचं ताट बंद होईल, ही धास्ती मलाही आहे. कायदा आहे असं ऐकलंय. मी नात्याची नाही, तर मला अर्ज करता येतो का? आणि त्यांची इच्छा नसताना करावा का?

थेट_बोल

ताई, एवढा विचार कशाला? मोबाईलवर त्या खोलीचा आणि ताटलीचा व्हिडिओ काढा आणि गावाच्या ग्रुपवर टाका. दोन तासांत पुतण्या आक्कांना पुढच्या खोलीत आणतो की नाही बघा. असल्या लोकांना लाजेचीच भाषा कळते.

जुना_अव्वल_कारकून

व्हिडिओ अजिबात काढू नका. लाज पुतण्याला वाटायची तेव्हा वाटेल, पण त्या व्हिडिओत दिसणार आक्का. न धुतलेलं लुगडं, वाढलेली नखं, ती ताटली. जी बाई वास येतो म्हणून मागे सरकते, तिला अख्ख्या तालुक्यासमोर उभं करायचं? पुन्हा त्या व्हिडिओनंतर रात्री त्या झोपणार त्याच घरात.

मी महसूल खात्यात होतो. शेवटची बरीच वर्षं तहसीलमध्ये संजय गांधी योजनेच्या टेबलावर काढली. श्रावणबाळची प्रकरणं तिथेच येतात. त्या टेबलासमोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनी जमीन परत मिळवून द्या असं क्वचितच म्हटलं. हळू आवाजात म्हणायचे ते हे, की पैसे माझ्या हातात पडतील असं करा. त्यामुळे माझं मत असं आहे की जमिनीला आज हात लावू नका, आधी पासबुक शोधा.

श्रावणबाळमध्ये ६५ वर्षांवरच्या, वर्षाला २१ हजारांच्या आत उत्पन्न असलेल्या माणसाला महिना १,५०० रुपये मिळतात. बंद पडायची कारणं बहुधा साधी असतात. हयातीचा दाखला दिलेला नसतो, नाहीतर खात्याला आधार जोडलेलं नसतं. आता पैसे आधार जोडलेल्या खात्यातच थेट जातात. मध्ये दुसऱ्या कुठल्या योजनेसाठी नवं खातं उघडलं असेल आणि आधार तिकडे जोडलं गेलं असेल, तर पैसे तिथे पडून राहतात आणि घरच्यांना वाटतं बंद झाले. तहसीलला आक्कांचा आधार क्रमांक सांगून पैसे कुठल्या बँकेत जातात ते विचारा. पोस्टाचं पेमेंट बँक खातं काढलं तर पोस्टमन घरी येऊन अंगठ्यावर पैसे देतो. बोटांचे ठसे झिजलेले असतात, एक बोट नाही उठलं तर दुसरं लावायला सांगा, हात आधी कोमट पाण्याने धुवा. दीड हजार रुपये स्वतःच्या हातात असलेल्या म्हातारीशी घर वेगळ्या आवाजात बोलतं, हे मी पाहिलेलं आहे. ते चांगलं की वाईट यात मी जात नाही.

आता कायदा. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा अधिनियम आहे, आपल्या राज्याचे नियम २०१० चे. मूल नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्या वारस नातेवाइकाकडे आहे किंवा पुढे जाणार आहे, त्याच्यावरही सांभाळायची जबाबदारी आहे, म्हणून पुतण्या यातून सुटत नाही. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे, निर्वाह न्यायाधिकरण म्हणून तेच बसतात. वकील लावावाच लागतो असं नाही. तुम्ही नात्याच्या नसलात तरी, आक्कांना स्वतःला अर्ज करणं जमत नसेल आणि त्यांनी अधिकार दिला, तर त्यांच्या वतीने अर्ज करू शकता. तो अधिकार त्यांनी द्यायला हवा, यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो, फार तर आणखी ३० दिवस. महिना १० हजारांपर्यंत निर्वाहभत्ता लावता येतो, आणि प्रकरण चालू असतानाही अंतरिम भत्ता मागता येतो.

बक्षीसपत्राचं कलम २३ आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलं आणि सांभाळ केला नाही, तर न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकतं. अडतं ते अटीपाशी. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलं की अशी अट होती हे दाखवावं लागेल. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द करून मालमत्तेचा ताबा परत द्यायला लावला. तिथे त्याच दिवशी मुलाने सांभाळाचं वचनपत्र लिहून दिलेलं होतं. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातून बक्षीसपत्राची नक्कल काढा आणि "सांभाळ", "पालनपोषण" असं काही लिहिलंय का बघा. नक्कल काढून ठेवा, लगेच वापरायची म्हणून नव्हे.

अर्ज देण्याआधी एकच गोष्ट ठरवा. नोटीस पुतण्याच्या हातात पडेल त्या रात्री आक्का कुठे झोपणार? मी चांगले हुकूम निघालेले पाहिलेत आणि हुकूम घेऊन तीच म्हातारी त्याच उंबऱ्यावर परत गेलेली पाहिली आहे. ते उत्तर तयार नसेल तर थांबा. आणि आक्कांना नेमकं काय हवंय ते विचारा. "त्रास काय आहे" असं विचारू नका, त्यावर त्या पोराला झाकतीलच. "तुम्हाला काय पाहिजे" असं विचारा.

शुश्रूषा

मी कोल्हापुरात घरोघरी म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. कागदाचं वर दादांनी सांगितलंय, मी अंगाचं सांगते.

आक्का पाणी किती पितात ते बघा. मागच्या खोलीत राहणाऱ्या बायका रात्री उठून लांब संडासला जावं लागू नये म्हणून दुपारनंतर पाणीच घेत नाहीत. मग लघवीला जळजळ, पोट साफ नाही, चक्कर, आणि कधी कधी बोलणं असंबद्ध होतं. घरचे म्हणतात म्हातारीला भ्रम झालाय. खोलीत कमोडची खुर्ची ठेवली आणि रात्री छोटा दिवा लावून ठेवला की पाणी आपोआप वाढतं. खुर्ची विकत घ्यायची नसेल तर गावात कोणाकडे तरी माळ्यावर पडलेली असते, विचारून बघा.

नखं घाईने कापू नका. कोमट पाण्यात पाय बराच वेळ भिजू द्या, रोज थोडी थोडी कापा. ब्लेड लावू नका. साखरेचा त्रास असेल किंवा बोटात जखम असेल तर उपकेंद्रातल्या नर्सकडूनच करून घ्या, तिथे रक्तदाब आणि साखरही बघतील. जेवायला मऊ द्या, पण नुसती पेज नको. मुगाची खिचडी, आमटीत कुस्करलेली गरम भाकरी, शेंगदाण्याचं कूट, चालत असेल तर अंडं. हात चालतोय तोवर घास भरवू नका, सांडलं तरी त्यांना खाऊ द्या.

अंघोळ घालताना लुगडं सगळं सोडू नका. एक ओला पंचा अंगावर राहू द्या आणि हात लावायच्या आधी सांगा, आता पाठ चोळते, आता पाय. केसात उवा असतील तर कोणी म्हणेल कापून टाका, सोपं पडेल. त्यांनी सांगितल्याशिवाय केसांना कात्री लावायची नाही. या गोष्टीसाठी मी कामं सोडली आहेत.

आणि कान तपासून घ्या. कोणी बोलत नाही असं तुम्ही लिहिलंय. आधी माणसाला ऐकू येत नाही, मग दोनदा-तीनदा सांगून कंटाळलेले घरचे बोलणं सोडतात. कितीतरी वेळा कानात नुसता मळ दगडासारखा झालेला असतो.

गिरणीवाली

सगळ्यांचे आभार. थोडं काही झालंय ते सांगते.

पुतण्याशी न बोलता मी त्याच्या बायकोशी बोलले. ती दिवसभर दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते, माहेरी वडील अर्धांगाने पडलेत, तिकडेही धावते. "मला दोन माणसांचं होत नाही वहिनी," म्हणाली आणि रडली. मला तिचं पटलं, पण म्हणून आक्कांनी भिजवलेली भाकरी खावी हे पटत नाही, तेही तिला सांगितलं. आता संध्याकाळचं जेवण तिला सांगून आमच्याकडून जातं, दुपारचं ती गरम देते. तिला सांगून केलं म्हणून ताट बंद पडलं नाही.

पैशांचं अगदी दादांनी लिहिलं तसंच निघालं. आधार वेगळ्याच बँकेला जोडलेलं होतं, पैसे तिथे साठलेले. पासबुक कपाटात होतं, पुतण्याने मागितल्यावर दिलं, कुरकुर केली नाही. आक्कांना घेऊन आम्ही गेलो. अंगठा उठेना, शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. नोटा हातात घेऊन त्यांनी आधी माझ्याकडून रिक्षाभाड्याचे पैसे विचारले आणि देऊनच सोडलं.

उपकेंद्रातल्या ताईंनी नखं काढली. कानासाठी ग्रामीण रुग्णालयात गेलो, दोन्ही कान मळाने गच्च भरलेले. डावा साफ झाल्यावर चांगला ऐकू येतो, उजव्यात फरक नाही. पुतण्याचा धाकटा मुलगा आता मागे जाऊन त्यांच्याशी बोलत बसतो, पण पुतण्या अजून बोलत नाही.

काय पाहिजे असं मी विचारलं तेव्हा आक्का म्हणाल्या, "सोप्यात झोपायचंय. येणारं-जाणारं दिसतं." सोपा म्हणजे घराची पुढची पडवी. जमीन नको, भत्ता नको, तक्रार तर नकोच. मरेपर्यंत सोप्यात राहीन आणि मला कोणी मागे टाकणार नाही, एवढं लिहून पाहिजे. पुतण्या म्हणतो, शंभराच्या स्टॅम्पवर लिहून देतो, गावातल्या चार लोकांच्या सह्या घेऊ. तेवढं पुरेल का?

जुना_अव्वल_कारकून

नाही. तो कागद उद्या पुतण्याने मोडला तर तुम्ही कोणाकडे जाणार? त्यापेक्षा न्यायाधिकरणाकडे अर्ज करा आणि समझोत्याने मिटवा. कायद्यातच सोय आहे, प्रकरण आधी समेट अधिकाऱ्याकडे पाठवता येतं आणि तिथे दोघांचं जुळलं तर त्याप्रमाणे हुकूम होतो. म्हणजे पुतण्यावर आरोप न ठेवता आक्कांना सोपा मिळतो. पुतण्याला हे समजावून सांगा, तो आज लिहून द्यायला तयार आहे तोवरच. समझोत्यात सोपा, दोन वेळचं गरम जेवण, औषधपाणी, आणि श्रावणबाळचं पासबुक आक्कांकडेच राहील, हे शब्द असू द्या. "योग्य सांभाळ करीन" एवढंच मोघम लिहू देऊ नका.

अर्जावर अंगठा घेण्याआधी डाव्या कानाच्या बाजूला बसून सगळा अर्ज वाचून दाखवा. एखादी ओळ नको म्हणाल्या तर खोडा.

गिरणीवाली

हो, तसंच करते. शेवटचं एक, प्रांत ऑफिसला जिना आहे आणि त्यांना दोन पायऱ्याही जमत नाहीत. पुतण्याने उचलून न्यावं हे त्यांना नकोय.

जुना_अव्वल_कारकून

अर्जासोबतच साध्या कागदावर लिहून द्या, की अर्जदार वृद्ध असून जिना चढू शकत नाहीत, तरी त्यांचं म्हणणं तळमजल्यावर ऐकून घ्यावं. पोच घ्या. ऐन तारखेला शिपायाकडे विनवण्या करण्यापेक्षा आधी लेखी दिलेलं बरं. आणि सकाळची वेळ मागा, दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवतात.