मदत हवी आहे: गडकरीला नाट्यपदांची मैफल, सोबत सासूबाई, लेक आणि नवरा

खाडीपलीकडे

मंडळी, येत्या रविवारी रात्री साडेआठला ठाण्यात गडकरी रंगायतनला नाट्यपदांची मैफल आहे. गायिका संगीत नाटकांत कामं करणारी आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'त्यापेक्षा अमुक बरी गाते'कडे वळेल आणि माझे प्रश्न राहतील बाजूला. आम्ही ऐरोलीहून येणार. तिकिटं अजून काढलेली नाहीत, कारण कुठली काढायची तेच ठरत नाहीये.

आधी माणसं सांगते. सासूबाई ८१ वर्षांच्या, माहेर हरिपूर. म्हणजे 'शारदा' लिहिणाऱ्या देवलांचं गाव. सांगलीकडच्या माणसाला नाट्यसंगीत शिकवावं लागत नाही, 'शारदा'तली पदं त्या भाजी निवडताना म्हणतात. पण आता दोन्ही कानांना मशीन आहे. मागे एका हॉलमध्ये असाच कार्यक्रम होता, तिथे अर्ध्या तासात मशीन काढून पर्समध्ये टाकलं आणि उरलेला वेळ गायिकेच्या तोंडाकडे बघत बसल्या. विचारलं तर म्हणाल्या, "अगं, पेटी थरथरत होती, आणि तिने सूर लांबवला की दोन बायका गातायत असं वाटायचं." आवाज मोठा होता हे खरं, पण बाकी कोणालाच असं काही वाटलं नव्हतं. हे मशीनचं काही असतं का? की बसायची जागा चुकली?

लेक अकरावीत. गाण्याची आवड आहे, पण ती म्युझिकलची. २०२३ मध्ये बीकेसीला 'द साउंड ऑफ म्युझिक' आलं होतं, ते बघून आल्यापासून घरात दुसरं काही वाजत नाही. तिला मी नाट्यपदांची एक यादी ऐकायला दिली. तिचं म्हणणं असं: "आई, म्युझिकलमध्ये गाणं संपतं तेव्हा गोष्ट पुढे गेलेली असते. इथे गाणं सुरू झालं की गोष्ट थांबते. आणि तीच ओळ परत परत का?" मला नीट उत्तर देता आलं नाही. 'शास्त्रीय बैठक असते' वगैरे बोलले, तर तिने हेडफोन लावले.

नवऱ्याबद्दल काही प्रश्न नाही. तो येईल, मध्यंतरात वडा खाईल आणि उत्तरार्धात झोपेल.

तर जागा कुठली घ्यावी, सासूबाईंच्या कानाचं काय करावं, लेकीला आधी काय ऐकवावं आणि रात्री साडेअकराच्या पुढे त्यांना घेऊन परत कसं यावं, एवढं सांगा. ट्रेनने आलो तर?

तलावपाळीकर

ट्रेनचा विचार सोडा. ट्रान्स हार्बरची गाडी ठाण्यात नऊ-दहा नंबरला लागते, म्हणजे पूर्वेच्या टोकाला. गडकरी पश्चिमेला. जिना चढा, गर्दीतून अख्खा पूल ओलांडा, परत उतरा, मग स्टेशनबाहेरचा रिक्षांचा गोंधळ. तुम्हाआम्हाला दहा-बारा मिनिटांची चाल आहे, ८१ वर्षांच्या बाईंना ती शिक्षा.

गाडी किंवा टॅक्सी करा. दिघा, विटावा, कळव्याचा पूल, कोर्टनाका आणि तलावपाळी. विटाव्याला रेल्वेपुलाखाली अडकायला होतं, त्याची वेळ हातात धरा. रविवारी संध्याकाळी मासुंदा तलावाभोवती अर्धं ठाणं फिरायला आलेलं असतं, बोटिंगवाले, भेळवाले, फुगेवाले. त्यामुळे शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला जास्त वेळ लागेल. सासूबाईंना आणि लेकीला गडकरीच्या दाराशी उतरवा, आणि नवरोबांनी गाडी गावदेवी मैदानाखालच्या पार्किंगला लावून चालत यावं. तेवढंच वड्याआधी चालणं. थिएटरच्या आसपास जागा शोधत फिरू नका.

परतताना हाच रस्ता मोकळा मिळतो. ठाण्यातून रात्री ऐरोलीला यायला रिक्षावाले कुरकुर करतात, म्हणून गाडी आपलीच बरी.

कर्णपिशाच्च

नावावर जाऊ नका, माझं कामच श्रवणयंत्रं बसवण्याचं आहे.

सासूबाईंनी जे सांगितलं ते अगदी नेमकं आहे. मला रोज पेशंट येतात, इतकं स्वच्छ वर्णन फार कमी जण करतात. मशीन बनवलेलं असतं बोलणं ऐकण्यासाठी. त्यात शिट्टी वाजू नये म्हणून एक सोय असते. एकच सूर सलग लांबला की त्या सोयीला वाटतं ही शिट्टीच, आणि ती तो सूर दाबायला जाते. तंबोरा, ऑर्गन, बासरी, गायिकेने लांबवलेला 'आ', सगळ्यांवर तिचा डोळा. त्या झटापटीत ऐकणाऱ्याला सूर थरथरल्यासारखा किंवा दुहेरी ऐकू येतो. शिवाय मशीन बारीक आवाज मोठे करतं आणि मोठे आवाज दाबतं. गप्पांसाठी हे उत्तम, पण गायिका हळू गाऊन मग आवाज सोडते तो सगळा चढउतार त्यात सपाट होतो.

रविवारच्या आत जिथून मशीन घेतलं तिथे जा आणि संगीतासाठी वेगळा प्रोग्राम टाकून मागा. बहुतेक डिजिटल मशीनमध्ये तशी सोय असते, फक्त कोणी मागितल्याशिवाय टाकत नाहीत. त्यात शिट्टीची आणि गोंगाट कमी करायची सोय बंद किंवा कमी करतात. बटणावर किंवा मोबाईलवर प्रोग्राम कसा बदलायचा ते लेकीला शिकवून ठेवा, अंधारात सासूबाईंना जमणार नाही. घरी एकदा तंबोऱ्याचं ॲप लावून बघा, थरथर गेली की नाही ते लगेच कळेल.

सेल बदलायचे असतील तर नवे सोबत न्या. स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं हवा लागू द्या, मग घाला. लोक स्टिकर काढून लगेच कोंबतात आणि सेल खराब निघाला म्हणतात.

जागा: पहिल्या रांगा नकोत आणि भिंतीकडच्या खुर्च्या तर नकोतच, तिथे स्पीकर थेट कानात. खाली, मधल्या रांगांत, मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची. बाथरूमला उठायलाही बरं. बाल्कनी स्वस्त असते, पण जिने.

खाडीपलीकडे

@कर्णपिशाच्च, सासूबाईंना तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. म्हणाल्या, "म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे तर." आम्ही सगळे मागे त्यांना वयाचं कारण देत होतो, हे त्या विसरलेल्या नाहीत. उद्याच जातोय दुकानात.

आता लेकीच्या प्रश्नाला कोणीतरी हात घाला.

पेटीवाला

घालतो. लेकीची तक्रार खोटी नाही, पण ती सगळ्या नाट्यसंगीताला लागू होत नाही.

किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० चं, 'सौभद्र' १८८२ चं. तेव्हाच्या या नाटकांत शंभराहून जास्त पदं. साकी, दिंडी, कामदा, कीर्तनात लोकांच्या कानावर असलेल्या चाली. इतकी पदं असल्यावर एकेक लांबवायला वेळ कुठला? पात्रं एकमेकांशी पदांतच बोलतात, रुसतात, कट रचतात. तुमच्या लेकीला जे हवं आहे ते तिथे आहे, आणि तेही तिच्या आवडत्या म्युझिकलच्या कितीतरी आधी.

मग १९११ चं 'मानापमान' आणि १९१६ चं 'स्वयंवर'. दोन्ही खाडिलकरांची. 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, 'स्वयंवर'च्या भास्करबुवा बखल्यांच्या, आणि गायला बालगंधर्व. इथे पदाची मैफल झाली. वन्स मोअर पडत राहायचे आणि नाटक उत्तररात्रीपर्यंत चालायचं. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष असायचे, ते वाजवत असताना गोष्ट पुढे न्या असं म्हणायची कोणाची छाती? म्हणजे गोष्ट थांबते हे लेकीने बरोबर पकडलं. लोकांना ती थांबायलाच हवी होती.

साठच्या दशकात अभिषेकीबुवांनी पद पुन्हा आटोपशीर केलं. 'मत्स्यगंधा' १९६४, 'ययाति आणि देवयानी' १९६६. आणि १९६७ ची 'कट्यार काळजात घुसली' तर वेगळंच प्रकरण, कारण तिथे गाणं हीच गोष्ट आहे. दोन घराणी, एक कट्यार, आणि कोण कोणाचं गाणं चोरून ऐकतो. २०१५ चा सिनेमा तिला आधी दाखवा. त्यात नवी गाणीही आहेत, पण झगडा कळतो.

आता खरा उपाय. मैफलीत पद सुटं येतं, आगापीछा नसतो. निवेदक राग सांगतो, नटाचं नाव सांगतो, कधी कधी स्वतःच्या आठवणी सांगतो, पण हे कोण कोणाला आणि का म्हणतंय ते राहून जातं. तेवढं तुम्ही सांगा. 'सौभद्र'मध्ये बलरामाने सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, तिला हवाय अर्जुन, आणि तो संन्याशाचं सोंग घेऊन तिच्याच समोर बसलाय. सगळं घडवून आणणारा कृष्ण. 'मानापमान'मध्ये भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला नाकारते, मग नाव बदलून त्याच्याच छावणीत जाऊन राहते. हे ऐकून कुठल्या अकरावीतल्या मुलीला कंटाळा येईल? रागाचं नाव अजिबात सांगू नका. विचारलं तरच.

तीच ओळ पुन्हा का, याचं उत्तर तोंडी देता येत नाही. तिला म्हणावं तबल्याकडे बघ. गायिका प्रत्येक वेळी दुसऱ्या वाटेने फिरून त्याच शब्दावर, त्याच समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर येते. सम येणार हे आधी ओळखायचं, मांडीवर टाळी द्यायची. एकदा जमलं की ती स्वतःच मोजत बसेल.

आणखी एक तिला सांगा. 'सौभद्र'मधली पहिली गाजलेली सुभद्रा म्हणजे भाऊराव कोल्हटकर, पुरुष. बालगंधर्वांची भामिनी आणि रुक्मिणीही तशीच. आज ही पदं एक बाई गाणार आहे, आणि त्यातली काही पुरुषपात्रांची असणार. ती काय बदलते ते ऐक म्हणावं.

निषाद

पेटीवाल्यांशी निम्मा असहमत. मुलांना आधी इतकं पढवून नेलं की ती परीक्षेला बसल्यासारखी बसतात. मला आजोबांनी काहीही न सांगता नेलं होतं. कळलं काही नाही, पण सुरुवातीला ऑर्गन भरून आला तेव्हा सरळ होऊन बसलो होतो. कट्यार वगैरे नंतर दाखवा. जायच्या गाडीत फक्त सौभद्रची गोष्ट सांगा, बस्स. विटाव्याला वेळ मिळेलच.

पेटीवाला

@निषाद, तुम्हाला ऑर्गन मिळाला. हल्ली बऱ्याच ठिकाणी सिंथवर ऑर्गनचा आवाज काढतात, त्याने कोणी सरळ होऊन बसत नाही. पण गाडीतल्या गोष्टीची कल्पना मान्य.

बटाटावडा_मध्यंतर

आयडी बघून कळलंच असेल मी कशासाठी आले. नवऱ्याला पूर्वार्ध संपायच्या जरा आधीच बाहेर पाठवा, नाहीतर रांगेतच तिसरी घंटा होते. सासूबाईंना रात्री तळलेलं चालत नसेल तर आठच्या आत घरून काहीतरी पोटात घालून निघा. मैफल संपेपर्यंत तलावपाळीचं खाणंपिणं आवरत आलेलं असतं.

उत्तरार्धात झोपणाऱ्या नवऱ्यांवर उपाय नाही. आमचे घोरतात, म्हणून मी त्यांना कडेची खुर्ची देते.

खाडीपलीकडे

सगळ्यांचे आभार. आज दुकानात जाऊन आलो. त्या मुलाने आधी "आजींना संगीताचा प्रोग्राम कशाला" असं विचारलं, मग सासूबाईंनी त्याला 'शारदा'ची गोष्ट सांगायला घेतली तेव्हा मुकाट्याने टाकून दिला. घरी तंबोरा लावला. थरथर बरीच गेली. फॅनचा आवाज मात्र आता त्यांना मोठा येतो, म्हणून हा प्रोग्राम फक्त थिएटरात लावायचा असं ठरलं.

तिकिटं काढली, खाली, मधल्या वाटेच्या कडेला. लेकीने पेटीवाल्यांचा प्रतिसाद माझ्या फोनवर वाचला, त्यामुळे निषाद यांचा सल्ला आपोआप बाद झाला. दुर्योधनाशी लग्न ठरवणारा भाऊ तिला भलताच आवडलाय, व्हिलन म्हणून.

एक राहिलं. सासूबाईंना 'शारदा'तलं पद ऐकायचंच आहे. फर्माईश करता येते का? कशी?

तलावपाळीकर

मध्यंतरात चिठ्ठी द्यायची, निवेदकाकडे किंवा विंगेजवळच्या आयोजकांच्या माणसाकडे. पदाची पहिली ओळ आणि नाटकाचं नाव दोन्ही ठळक लिहा. ठाण्याचा श्रोता पूर्वीपासून चिठ्ठ्या पाठवणारा आहे. गायक-नट राम मराठे ठाण्याचेच, त्यांच्या 'मंदारमाला'च्या चिठ्ठ्या अजून येतात.

पेटीवाला

चिठ्ठीत दोन पदं लिहा, एक 'शारदा'तलं आणि एक 'स्वयंवर'मधलं. 'शारदा'तली पदं मैफलीत कमी येतात, साथीदारांची तयारी नसेल तर गायिका टाळेल. आणि चिठ्ठीवर 'हरिपूरच्या आजींकडून' असं लिहा. संगीत नाटकात काम करणारी बाई ते वाचून सहसा नाही म्हणणार नाही.

कर्णपिशाच्च

चिठ्ठी वाचली गेली की टाळ्या पडतील. टाळ्या त्या प्रोग्रामवर फार कर्कश येतात. लेकीला सांगून ठेवा, तेवढ्यापुरता आवाज कमी करायचा आणि पद सुरू होताच परत वाढवायचा.