आयातबंदी, निर्बंध, दरमर्यादा: तेलाच्या बातम्यांतले शब्द (बोलणारे आपापल्या गावाच्या नावाने)

रत्नागिरी : मथळा ‘रशियन तेलावर बंदी’ आणि खालच्याच परिच्छेदात ‘भारताची खरेदी चालू’. मग बंदी नेमकी कोणाला? एम्बार्गो, सँक्शन, प्राइस कॅप या तिन्हींना मराठीत सरसकट ‘निर्बंध’ म्हणावं का?

उरण : नको. तिन्हींत अडवलेला वेगळा असतो.

एम्बार्गो म्हणजे सरळ आयातबंदी. युरोपीय संघाने ५ डिसेंबर २०२२ पासून समुद्रमार्गे येणारं रशियन कच्चं तेल आणि ५ फेब्रुवारी २०२३ पासून डिझेलसारखी शुद्ध उत्पादनं घेणं बंद केलं. ती बंदी त्यांच्या बंदरांना, आपल्याला नाही.

प्राइस कॅप म्हणजे दरमर्यादा, आणि घोळ इथेच होतो. ही तेलावर नसून सेवांवर आहे. सुरुवातीची मर्यादा ६० डॉलर: बॅरलला त्याच्या वर घेतलेल्या रशियन कच्च्या तेलाला जी-७ (सात श्रीमंत देशांचा गट) आणि युरोपातल्या कंपन्यांनी जहाज, विमा, दलाली पुरवायची नाही. युरोपने सप्टेंबर २०२५ मध्ये ही मर्यादा ४७.६० डॉलरवर आणली. जगातल्या सागरी टनभारापैकी सुमारे ९० टक्क्यांचा दायित्वविमा (जहाजाने दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई देणारा) जहाजमालकांच्या बारा विमा-क्लबांच्या एका गटाकडे असल्याने नाडी तिथे दाबली. व्यापाऱ्याने दर लिहून द्यायचा, जहाजमालकाने ते हमीपत्र घेऊन विमा देणाऱ्याला आपलं द्यायचं. पळवाटही त्यातच: मर्यादा फक्त तेलाच्या दराला, भाडं वेगळं. म्हणून कागदावर तेल स्वस्त आणि भाडं फुगवलेलं.

‘निर्बंध’ हा शब्द नावानिशी यादीसाठी राखावा. अमेरिकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये रॉसनेफ्ट आणि लुकॉइलला यादीत टाकलं, ते निर्बंध. यादीतल्याशी व्यवहार केला तर परदेशी बँकेवरही कारवाई होऊ शकते. ते दुय्यम निर्बंध, आणि बँका खऱ्या घाबरतात त्यालाच.

दाभोळ : वरच्या उत्तरातलं ‘समुद्रमार्गे’ गाळू नका. रशियाहून येणाऱ्या द्रुझ्बा पाइपलाइनने हंगेरी, स्लोव्हाकिया, चेकिया यांना येणारं तेल त्या बंदीतून वगळलं होतं. या देशांना समुद्र नाही आणि त्यांच्या रिफायनऱ्या त्याच तेलाला बेतलेल्या. टँकरचं तोंड दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळवता येतं, पुरलेल्या पाइपलाइनचं नाही. आमच्याकडचंच बघा: एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) जहाजाने कुठूनही येईल, पण एकदा दाभोळ-बंगळूर लाइनीत गेलेला गॅस लाइन नेईल तिथेच जाणार. ‘नळवाहिनी’ वगैरे हट्ट नको, ‘पाइपलाइन’ सगळ्यांना कळतं.

मालवण : ही बंधनं चुकवून तेल नेणाऱ्या टँकरांच्या ‘शॅडो फ्लीट’ला ‘छाया ताफा’ लिहितात, अगदीच निर्जीव. ‘आडवाटेचा ताफा’ कसा वाटतो? ‘चोरटा’ म्हणू नये, सगळाच माल बेकायदा नसतो. जुने टँकर, बदलते झेंडे, मालक कोण ते कळत नाही, एआयएस (जहाजाची जागा कळवणारं यंत्र) बंद किंवा खोटी जागा दाखवणारं. भर समुद्रात दोन टँकर फेंडर (धक्का झेलणाऱ्या गाद्या) मध्ये घालून बाजूबाजूला लावतात आणि होज (जाड रबरी नळी) जोडून तेल एकातून दुसऱ्यात घेतात. हा एसटीएस, म्हणजे ‘शिप-टू-शिप’. आपल्याकडे पूर्वी जहाजातून पडावात माल उतरवायचे ते खाडी उथळ म्हणून. इथे बरेचदा तेलाचं मूळ पुसायला. एसटीएस एरवी रीतसरही चालतो, तेव्हा तो शब्द शिवीसारखा वापरू नका. धोका वेगळाच आहे. उधाणात होज फुटला आणि विमा नावापुरताच असला, तर किनारा साफ करायचा खर्च मागायचा कोणाकडे? पावसाळ्यात डांबरगोळे वाळूत येतात तेव्हा ते कुठल्या जहाजाचे हेही सांगता येत नाही.

रत्नागिरी : ‘आडवाटेचा ताफा’ चालेल. आणि बॅरलला ‘पिंप’?

उरण : मथळ्यात ठीक, आकड्यांत नको. जेटीवर डिझेलचं पिंप साधारण २०० लिटरचं, बाजारातलं बॅरल १५९ लिटरचं. पिंप धरून हिशेब केलात तर पाव हिश्शाने चुकाल. टनात बदलायचं तर कच्च्या तेलाचा एक टन म्हणजे साधारण ७.३ बॅरल, तेल जड असलं तर कमी.