एनआयआर म्हणतो ९४, एचपीएलसी म्हणते ९९. खरं कुणाचं मानायचं?

रात्रपाळी:
औषध कंपनीत ब्लेंडिंगला, म्हणजे पावडर मिसळण्याच्या कामावर आहे. आमच्या बिन ब्लेंडरच्या (पावडरीचा डबा फिरवून मिसळणारं यंत्र) झाकणात एनआयआर (निअर-इन्फ्रारेड उजेडानं पावडर तपासणारं यंत्र) बसवलाय. बिन उलटा झाला, पावडर काचेवर पडली की एक स्पेक्ट्रम, म्हणजे दर फेरीला एक आकडा. गेल्या तीन बॅचना औषधाचं प्रमाण आठव्या मिनिटाला लेबलच्या ९४ टक्क्यांवर येतं आणि तिथंच बसतं. थीफनं (पावडरीत खुपसून नमुना काढायची नळी) दहा जागांचे नमुने काढले, एचपीएलसीत (औषध वेगळं करून मोजणारी लॅबची चाचणी) सगळे ९८.६ ते १००.३. औषध ब्लेंडच्या १२ टक्के आहे, तेव्हा फार कमी डोसचंही निमित्त नाही. स्पेक्ट्रमवरून प्रमाण काढणारं पीएलएस मॉडेल मीच बनवलंय, म्हणून जास्तच लागतंय.

भुकटीबहाद्दर:
आधी काच बघा. आमच्याकडे एकदा रेषा इतकी सरळ आली की सगळे खूश, एंडपॉइंट (मिसळणं पुरं झाल्याची खूण) मिळाला म्हणून! उघडलं तर काचेवर खपली. पंचवीस फेऱ्या यंत्र त्या खपलीकडेच टक लावून बसलेलं. खरी पावडर दर फेरीला थोडी हलतेच. स्टँडर्ड डेव्हिएशन एकदम शून्याकडे गेलं तर संशय घ्या.

रात्रपाळी:
काच स्वच्छ आहे. डेव्हिएशन नेहमीएवढंच.

जुना अ‍ॅनालिस्ट:
मग मिसळणं ठीक आहे, मॉडेल सरकलंय. त्या उजेडाला औषध तेवढं वेगळं दिसत नाही हो, पाणी आणि कणांचा आकारही त्यातच येतो. १९४० नॅनोमीटरजवळ पाण्याचा पट्टा तपासा. क्यू रेसिड्युअल (स्पेक्ट्रमचा मॉडेलला न उलगडलेला भाग) बघितलेत? आणि कॅलिब्रेशनला, म्हणजे मॉडेल शिकवायच्या नमुन्यांना, एमसीसी (मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज, औषधासोबतची भरावाची पावडर) किती लॉटची घेतली होती?

रात्रपाळी:
एकाच ड्रमची. सगळे नमुने एका आठवड्यात केले. तेव्हा एलओडी (वाळवल्यावर घटणारं वजन, म्हणजे ओलावा) ३.१ टक्के होता, आता ४.८. १९४० चांगलाच वर आलाय. रेसिड्युअल तिन्ही बॅचना मर्यादेबाहेर; मी स्क्रीनवर फक्त प्रमाणाचा आलेख उघडा ठेवत होतो. साहेब म्हणतात, पाच मिळवा आणि पुढे चला.

जुना अ‍ॅनालिस्ट:
पाच मिळवू नका. पुढचा ड्रम कोरडा निघाला की तेच पाच उलटे अंगावर येतील. एसएनव्ही आणि डेरिव्हेटिव्ह या स्पेक्ट्रमवरच्या गणिती दुरुस्त्यांनी बेसलाइन सावरते, पाणी जात नाही. १९४० चा भाग वगळून बघा. औषधात अरोमॅटिक रिंग असेल तर १६५० ते १७०० मध्ये काहीतरी सापडेल. पण खरं काम कॅलिब्रेशनचंच. तीन-चार लॉट घ्या, कोरडे आणि दमट दोन्ही, आणि औषध लेबलच्या ७० ते १३० टक्के फिरवा. फक्त दमट नमुन्यांतच औषध जास्त, असं होऊ देऊ नका, नाहीतर मॉडेल पाणीच शिकेल.

भुकटीबहाद्दर:
आणि बिन रिकामा करताना पावडर वेगळी होते, ते झाकणावरच्या एनआयआरला कधीच दिसणार नाही. जमलं तर फीड फ्रेमवरही (गोळ्या दाबायच्या यंत्रात पावडर भरणारा भाग) एक बसवा.

रात्रपाळी:
फीड फ्रेमचं बजेट मागून बघतो. एमसीसीचे तीन लॉट मागवलेत, एक ह्युमिडिटी चेंबरमध्ये ठेवतोय. तोपर्यंत थीफ आणि एचपीएलसी.