खालच्या लिंकला नळी नको, भरीव सळई घ्या

तुम्ही विचारलंय, क्रॉलरच्या (दगडांवर चढणाऱ्या रिमोटच्या छोट्या गाडीच्या) खालच्या लिंक, म्हणजे एक्सल (चाकांचा आस) चॅसीला जोडणाऱ्या दांड्या, अ‍ॅल्युमिनियमच्या नळीच्या केल्या तर चालतील का. मी तरी नकोच म्हणेन. खालची लिंक दगडावर घासते, आपटते, आणि नळी नेमकी तिथेच दबते. ६ मिमीची भरीव स्टेनलेस सळई घ्या. वजन वाढेल, पण ते खाली वाढतं, म्हणजे चढावर फायदाच. वरच्या लिंकना अ‍ॅल्युमिनियम पुरे.

तुम्ही ठाण्यातलेच, तर वागळे इस्टेटमधल्या एखाद्या लेथवाल्याकडून टोकं सपाट करून बरोबर मधोमध २.५ मिमीचं भोक पाडून घ्या. हातड्रिलने ते हमखास तिरकं जातं. एम३चे (३ मिमी स्क्रूचे) आटे घरी पाडता येतात: भरपूर तेल, टॅप (आटे पाडायचं हत्यार) अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. स्टेनलेस चिवट असतं; जोर लावलात की टॅप आतच तुटतो आणि सळई वाया. मग बिनडोक्याचा एम३ स्क्रू आणि त्यावर रॉड एंड (भोक असलेलं, हलणाऱ्या सांध्याचं टोक).

लांबी नुसत्या सळईची धरू नका. दोन्ही रॉड एंडच्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. डावी-उजवी सारखी नसेल तर एक्सल तिरका बसतो. वरच्या लिंकची लांबी बदलली की पिनियनचा (एक्सलमधला, ड्राइव्हशाफ्टला जोडलेला दातेरी गिअर) कोनही बदलतो, म्हणून मोटर जोडण्याआधी सस्पेन्शन पूर्ण दाबून ड्राइव्हशाफ्ट (मोटरची ताकद एक्सलपर्यंत नेणारा दांडा) हाताने फिरवून कुठे अडकतो का बघा.