मदत हवी आहे : चालता-चालता वजाबाकीची चाचणी दरवर्षी कशी घ्यावी?

निरोगी ज्येष्ठांची चाल आणि मेंदूची क्षमता एकत्र तपासायची आहे. मोजायचे अंतर 4 मीटर, शिवाय वेग घ्यायला आणि थांबायला दोन्हीकडे 1-1 मीटर जादा. आधी नुसते चालणे, मग 100 मधून 7-7 वजा करत चालणे; वेगातली घट टक्क्यांत.

अडचण अशी, की काहीजण पाय मंदावू देत नाहीत, आकडे चुकवतात. मग घट शून्य दिसते आणि मेंदूवरचा ताण लपतो. म्हणून चालताना चुका किती वाढल्या हे कळायला तीच वजाबाकी बसूनही घ्यावी लागते. पण शिक्षण कमी असेल तर गणितच अडते, आणि पुढच्या वेळी 93, 86, 79 पाठ झालेले असतात! सुरुवातीचा आकडा बदलावा, की प्राण्यांची नावे सांगायला लावावीत? वर्षावर्षाची तुलना कशात कमी बिघडते? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.